छाया-प्रकाश: चित्र काढणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शासकीय रेखाकला परीक्षेची, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करणारी मुलं, त्यांचे पालक, निवृत्तीनंतर पुन्हा स्केचबुक हातात घेतलेली मंडळी आणि कथाचित्रांकडे वळू पाहणारे तरुण या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

शेडिंग करूनही माझं चित्र सपाट का दिसतं?

बहुतेक वेळा कारण एकच असतं. उजेड कुठून येतोय हे ठरवण्याआधीच पेन्सिल चालायला लागते. मग प्रत्येक वस्तूच्या कडेकडेनं थोडं काळं केलं जातं, मधला भाग पांढरा सोडला जातो आणि आंबा काय, मडकं काय, माणसाचा गाल काय, सगळं एकाच पद्धतीनं फुगीर दिसतं.

उजेड एका बाजूनं आला की वस्तूचे दोन भाग पडतात. एक उजेडातला, एक छायेतला. त्या दोहोंमधली सीमारेषा कुठून कशी जाते, हे आधी शोधा आणि फिकट रेषेनं काढून घ्या. घड्यावर ती वळत जाते, खोक्यावर कडेवरून सरळ उतरते, नाकावर तिचे तुकडे होतात. छायेचा भाग एका सपाट करड्या टोननं, म्हणजे एकसारख्या गडदपणानं, भरून टाका. एवढ्यानंच चित्र उभं राहायला हवं. ते उभं राहिलं नाही, तर पुढे कितीही बारीक काम केलं तरी राहणार नाही, हे मी ठामपणे सांगेन. एक नियम पाळा: छायेतली सगळ्यात उजळ जागासुद्धा उजेडातल्या सगळ्यात गडद जागेपेक्षा गडदच ठेवा. (पांढरी बशी आणि काळं वांगं शेजारी असतील तर हा नियम प्रत्येक वस्तूपुरता लावायचा.)

दुसरं कारण म्हणजे गडद करायची भीती. पूर्ण चित्र एचबी पेन्सिलच्या मधल्या करड्यातच फिरत राहतं. चित्रात एखादी जागा तरी कागद चमकेल इतकी कोरी आणि एखादी जागा तरी सहा-बी या मऊ, गडद पेन्सिलीनं भरलेली हवी.

छाया आणि पडछाया यांत नेमका फरक काय?

वस्तूच्या स्वतःच्या अंगावर, उजेडाकडे पाठ असलेल्या बाजूला असते ती छाया. वस्तूनं उजेड अडवल्यामुळे जमिनीवर, भिंतीवर किंवा दुसऱ्या वस्तूवर पडते ती पडछाया.

टेबलावर ठेवलेलं अंडं बघा. दिव्याच्या बाजूला एक उजळ ठिपका असतो, तो हायलाइट. तिथून दूर जाताना टोन हळूहळू उतरत जातो, त्या मध्यछटा. १७६० साली लॅम्बर्ट या गणितज्ञानं हे सूत्रात बसवलं. पृष्ठभाग उजेडाला थेट सामोरा असेल तर पूर्ण प्रकाश आणि ६० अंशांनी कललेला असेल तर निम्मा. म्हणून सुरुवातीला टोन सावकाश बदलतो आणि सीमेजवळ झपाट्यानं कोसळतो. नवशिक्याच्या चित्रात हाच उतार सगळीकडे एकसारखा असतो आणि गोलाई तिथेच हरवते. सीमा ओलांडली की गडद पट्टा, त्यापलीकडे टेबलावरून परत आलेला मंद उजेड, म्हणजे परावर्तित प्रकाश. मग अंडं जिथे टेबलाला टेकतं तिथली अरुंद, अगदी काळी फट आणि तिथून सुरू होणारी पडछाया.

ती टेकण्याजवळची फट विसरू नका. ती नसेल तर वस्तू हवेत तरंगते.

घरी सरावासाठी मांडणी कशी करावी?

ट्यूबलाइट बंद करा. लांबट नळी आणि भिंतींवरून परतणारा उजेड यामुळे छाया पुसट होतात, सीमा दिसतच नाही. एक छोटा बल्ब किंवा टेबललॅम्प घ्या. तो वस्तूच्या एका बाजूला, थोडा वर आणि थोडा पुढे ठेवा. खिडकी असेल तर एकच उघडी ठेवा. दुपारी उत्तरेकडची खिडकी उत्तम, तिच्यातून ऊन सहसा आत येत नाही आणि उजेड फार बदलत नाही.

दिवा वस्तूच्या फार जवळ नको. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. त्यामुळे दिवा वीतभर अंतरावर असेल तर समोरचा कांदा झगझगतो आणि मागचा तांब्या अंधारात जातो. दिवा हातभर लांब नेला की हा फरक पुष्कळ कमी होतो.

वस्तू सुरुवातीला पांढऱ्या आणि चकाकी नसलेल्या घ्या: अंडं, खडूचा तुकडा, चुना लावलेली पणती, कागदाचा डबा. रंगीत वस्तूत रंगाचा गडदपणा आणि छायेचा गडदपणा यांची गल्लत होते.

पेन्सिली कोणत्या? कागद कोणता?

एचबी, दोन-बी, चार-बी, सहा-बी एवढ्या पुरतात. कागद साधा कार्ट्रिज, थोडा खरबरीत. सोबत मळता येणारं मऊ खोडरबर, कारण त्यानं टोन उचलून उजळ करता येतो. कंपनी कुठलीही चालेल.

बोटानं किंवा कापसानं घासून शेडिंग केलं तर चालतं का?

चालतं, पण शिकण्याच्या काळात मी नको म्हणेन. घासल्यानं सगळ्या कडा सारख्याच मऊ होतात आणि चित्रातला निर्णय पुसला जातो. कुठे कडा कडक ठेवायची, कुठे विरघळू द्यायची, हे हाताला कळलं पाहिजे. शिवाय बोटाचा घाम आणि तेल कागदात मुरतं, डाग पडतो, मग खोडरबरही उचलत नाही. रेषा आकाराच्या दिशेनं मारायला शिका. घड्याच्या पोटावर वळणाऱ्या, टेबलावर आडव्या. कोळशानं काम करताना घासणं वेगळं. तिथे ते माध्यमाचाच भाग आहे.

टोन बरोबर आहे की नाही, हे डोळ्याला कसं कळणार?

डोळ्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या एडवर्ड एडेल्सन यांनी एक चित्र तयार केलं. बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट, तिच्यावर एका नळकांड्याची पडछाया. उजेडातला ‘काळा’ चौकोन आणि सावलीतला ‘पांढरा’ चौकोन यांचा करडा रंग त्यात अगदी एकच आहे. तरीही ते एकसारखे दिसत नाहीत. आपला मेंदू सावली वजा करून वस्तूचा मूळ रंग शोधतो. जगायला ते सोयीचं आहे, चित्र काढायला अडचणीचं. म्हणूनच सावलीतला पांढरा सदरा आपण पांढराच ठेवतो आणि चित्र फसतं.

यावर उपाय जुने आहेत. डोळे किलकिले करून बघा, बारीकसारीक तपशील गळून पडतो आणि मोठे टोन उरतात. जाड कागदाला पेन्सिलीएवढं भोक पाडून त्यातून दोन जागा आळीपाळीनं बघा, आजूबाजूचा रंग दिसेनासा झाला की खरा गडदपणा कळतो. फोनवर कृष्णधवल फोटो काढून आपल्या चित्राच्या फोटोशेजारी ठेवणं हाही चांगला मार्ग आहे.

पडछाया किती लांब आणि कुठल्या दिशेला काढायची?

दिवा असेल तर दोन बिंदू लागतात. एक, दिव्याची ज्योत किंवा बल्ब. दुसरा, त्याच्या बरोबर खाली जमिनीवरचा बिंदू. जमिनीवरच्या बिंदूपासून वस्तूच्या पायथ्यातून जाणारी रेष पडछायेची दिशा देते. बल्बपासून वस्तूच्या टोकावरून जाणारी रेष त्या पहिल्या रेषेला जिथे छेदते, तिथे पडछाया संपते. दिव्याच्या पडछाया त्यामुळे पायथ्यापासून पंख्यासारख्या फाकतात.

सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण समांतर धरायचे, म्हणून सगळ्या झाडांच्या पडछाया प्रत्यक्षात समांतर असतात (चित्रात यथार्थदर्शनामुळे, म्हणजे लांबच्या गोष्टी लहान दिसत जातात म्हणून, त्या क्षितिजावरच्या एका बिंदूकडे जातात). सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल तर पडछाया उंचीइतकी, ३० अंशांवर असेल तर सुमारे पावणेदोन पट, १० अंशांवर असेल तर साडेपाच पटींहून जास्त. मुंबई-पुण्याकडे २१ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा सूर्य साधारण ४७-४८ अंशांवरच असतो, म्हणजे पडछाया जवळजवळ उंचीइतकी. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस मात्र एकेक दिवस असा येतो की दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या खांबाची पडछाया दिसतच नाही. कथाचित्रात ‘वैशाखातली टळटळीत दुपार’ असेल आणि तुम्ही माणसाची लांबलचक पडछाया काढलीत, तर गावाकडच्या वाचकाला काहीतरी चुकल्याचं लगेच जाणवतं. तिथे पडछाया पायाशी गोळा झालेली हवी आणि भुवयांखाली, नाकाखाली, हनुवटीखाली गडद डाग हवेत.

पडछायेची कडा कडक की मऊ?

दोन्ही. वस्तूजवळ कडक, लांब जाताना मऊ. कारण सूर्य हा बिंदू नाही, आपल्याला तो अर्ध्या अंशाएवढा रुंद दिसतो. हिशोब सोपा आहे: सावली पाडणाऱ्या कडेपासून मीटरभर अंतरावर पडछायेच्या कडेला साधारण ९ मिलिमीटरचा पुसट पट्टा येतो, ३ मीटरवर जवळपास ३ सेंटिमीटरचा. म्हणून खांबाची पडछाया बुंध्याशी स्वच्छ असते आणि वरच्या तारांची जमिनीवर पुसट रेघ दिसते.

याच कारणानं आंब्याच्या झाडाखाली पडणारे उन्हाचे कवडसे पानांच्या फटींच्या आकाराचे नसतात. ते गोल किंवा लंबगोल असतात, कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. झाडाखालचं दृश्य काढताना अणकुचीदार, वेड्यावाकड्या उजेडाच्या चिरफळ्या काढायचा मोह होतो. गोल ठिपके एकमेकांत मिसळलेले काढून बघा, ऊन लगेच खरं वाटायला लागतं.

ढगाळ दिवशी सावलीच नसते, मग काय काढायचं?

सावली असते, पण पडछायेची बाह्यरेषा नसते. पूर्ण आभाळच दिवा होतं, म्हणून वर तोंड करून असलेले पृष्ठभाग उजळ आणि खाली वळलेले गडद. छपराखाली, छत्रीखाली, गाडीखाली, दगडांच्या सांध्यात गडद करा, बाकी मऊ ठेवा. रस्ता ओला असेल तर प्रतिबिंबं उभी खाली येतात, पडछायेसारखी तिरपी जात नाहीत. पावसाळी चित्रांत हा गोंधळ सारखा दिसतो.

स्टीलचा तांब्या आणि मातीचं मडकं यांना एकाच पद्धतीनं शेड करतो. बरोबर आहे ना?

नाही. वस्तुचित्राच्या पेपरात सर्वांत जास्त गडबड इथेच होते.

मडकं उजेड सगळीकडे विखुरतं. त्यावर वर सांगितलेल्या अंड्याचे सगळे टप्पे दिसतात आणि उतार मऊ असतो. स्टीलचा तांब्या उजेड विखुरत नाही, भोवतालचं चित्र परत करतो. त्याच्या अंगावर दिसतात त्या छाया नव्हेत, खोलीच्या वाकलेल्या प्रतिमा आहेत: खिडकीची उभी पांढरी पट्टी, तिच्याशेजारी लगेच दाराची काळी पट्टी, खालच्या फुगवट्यावर टेबलावरच्या कापडाचा रंग. टोन इथे सावकाश उतरत नाहीत, उडी मारतात. सगळ्यात काळं आणि सगळ्यात पांढरं एकमेकांना चिकटून असतं. म्हणून स्टील काढताना गोलाईच्या बाजूनं विचार करू नका, दिसतात त्या पट्ट्यांचे आकार जसेच्या तसे उतरवा.

तांबं आणि पितळ या धातूंना आणखी एक गोष्ट आहे. धातूची चमक धातूच्याच रंगाची असते. तांब्याच्या घंगाळावरचा हायलाइट नारिंगीकडे झुकतो, पितळेच्या समईवरचा पिवळ्याकडे. चिनीमातीच्या बरणीवर किंवा प्लॅस्टिकवर हायलाइट दिव्याच्या रंगाचा, म्हणजे बहुधा पांढराच असतो. रंगीत कामात एवढा एक फरक पाळला तरी बघणारा विचारत नाही की हे पितळ आहे की पिवळं प्लॅस्टिक.

सावलीसाठी काळा रंग वापरू का?

शक्यतो नको. उन्हातल्या पडछायेवर सूर्य पोहोचत नाही, पण निळं आभाळ पोहोचतं. त्यामुळे उघड्यावरची पडछाया निळसर, जांभळट असते. आभाळाबरोबर भोवतालची जमीनही उजेड देते. कोकणात जांभ्या दगडाच्या अंगणात उभ्या असलेल्या माणसाच्या हनुवटीखाली, पांढऱ्या धोतराच्या आतल्या घड्यांत तांबूस झाक येते. ती पकडली तर चित्र कुठल्या मातीतलं आहे हे न सांगता कळतं, आणि मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

जलरंगात अल्ट्रामरिन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून सावलीचे बहुतेक करडे मिळतात. निळा वाढवला की थंड, तपकिरी वाढवला की उबदार. सावलीचा वॉश (पातळ रंगाचा थर) एकदाच, भरपूर पाण्यानं द्या आणि सोडून द्या. पुन्हापुन्हा ब्रश फिरवला की कागदाचा उजेड मरतो. वाळल्यावर जलरंग फिका होतो, म्हणून ओला असताना मनाला पटतो त्यापेक्षा थोडा गडदच लावायचा.

चेहऱ्यावर छाया-प्रकाश कसा समजून घ्यावा?

डोळे, नाक, ओठ बाजूला ठेवा. आधी डोकं हा ठोकळा समजून पुढची बाजू, दोन कडेच्या बाजू आणि खालची बाजू ओळखा. उजेड वरून एका बाजूनं असेल तर डोळ्यांच्या खोबणी, नाकाची खालची बाजू, वरचा ओठ आणि मान ही छायेत जातात. खालचा ओठ उजळतो. प्रकाश आणखी तिरपा झाला की नाकाची पडछाया गालाच्या छायेला मिळते आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. रेम्ब्रांच्या (१६०६–१६६९) व्यक्तिचित्रांत तो दिसतो, म्हणून छायाचित्रकारही त्या प्रकाशयोजनेला त्याचंच नाव देतात.

त्वचा थोडा उजेड आत घेते. छायेची सीमा जिथे आहे तिथे त्वचेचा रंग जरा तांबूस होतो, आणि मागून ऊन असेल तर कानाच्या पाळ्या लाल दिसतात. सावळ्या त्वचेवर हायलाइट अधिक ठळक उठतो आणि त्यात आभाळाचा रंग स्पष्ट दिसतो. तिथे खडूसारखा पांढरा लावू नका.

शाईनं, नुसत्या काळ्या-पांढऱ्यात, मधले टोन कसे आणायचे?

रेषांच्या दाटपणानं: समांतर रेषा, मग त्यांवर तिरप्या दुसऱ्या रेषा, किंवा ठिपके. मराठी नियतकालिकांतली जुनी कथाचित्रं जस्ताच्या लाइन ब्लॉकवरून छापली जात. त्या ब्लॉकला करडा रंग माहीतच नव्हता, फक्त शाई किंवा कोरा कागद. या अडचणीतून आपल्याकडच्या कथाचित्रकारांनी मोठं शहाणपण कमावलं. मधल्या छटा टाळून सरळ दोन भाग करायचे, छायेचा पूर्ण भाग काळा भरायचा आणि बाह्यरेषा जिथे गरज नाही तिथे सोडूनच द्यायची. पाठमोऱ्या बाईच्या उजेडाकडच्या खांद्याची रेषा काढलेलीच नसते, तरी खांदा दिसतो. जुने दिवाळी अंक रद्दीच्या दुकानात मिळाले तर घ्या आणि अशी एखादी आकृती ब्रशनं जशीच्या तशी उतरवून बघा.

भारतीय चित्रपरंपरेत छाया-प्रकाश नव्हताच, हे खरं का?

नाही. एका दिशेनं येणाऱ्या उजेडाची पडछाया लघुचित्रांत सहसा नसते, पण गोलाई दाखवायची रीत फार जुनी आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र हा चित्रकलेवरचा भाग आहे. त्यात ‘वर्तना’ म्हणजे शेडिंगचे तीन प्रकार सांगितले आहेत: पानावरच्या शिरांसारख्या रेषांची पत्रजा, अतिशय सूक्ष्म अशी ऐरिक आणि ठिपक्यांची बिंदुजा. आजच्या पेनच्या कामात आपण करतो ते यापेक्षा फार वेगळं नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, नीट बघा. अंगाच्या कडांकडे रंग गडद होत जातो, उठावाच्या जागा उजळ आहेत. दिवा कुठे आहे हे विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण चित्रकाराला खोलीतला दिवा दाखवायचाच नव्हता, देहाची गोलाई दाखवायची होती.

मग ‘एक दिवा ठरवा’ हा नियम मोडला तर चालेल?

ठरवून मोडला तर चालेल.

अभ्यासासाठी कोणती चित्रं बघावीत?

सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचं ‘ग्लो ऑफ होप’ आधी बघा. हातात दिवा घेतलेली स्त्री, दुसऱ्या हातानं ज्योत झाकलेली. चित्रासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ते आहे आणि अनेक जण ते रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगात आहे, म्हणजे उजेड म्हणून दिसतो तो मुख्यतः राखलेला कागद आहे. खालून येणाऱ्या दिव्यानं चेहऱ्यावरचा नेहमीचा छाया-प्रकाश उलटा होतो आणि ज्योतीसमोरची बोटं कडांना तांबडी पेटतात. ज्योत झाकली आहे, तरी चित्रातलं सगळं त्या ज्योतीभोवतीच रचलंय.

गोव्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवणारे अ. झे. त्रिंदाद (१८७०–१९३५) यांना ‘पूर्वेचे रेम्ब्रां’ म्हणत. त्यांची चित्रं पणजीला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेच्या संग्रहात आहेत. घरातल्या माणसांवर पडलेला खिडकीचा उजेड त्यांच्याकडून शिकावा.

आणि गॅलिलिओ. १६०९ मध्ये इंग्लंडच्या थॉमस हॅरियटनं दुर्बिणीतून चंद्राचं रेखाटन त्याच्या आधी केलं होतं, पण त्यात सीमेवरची वेडीवाकडी रेषा फक्त वेडीवाकडी रेषाच राहिली. गॅलिलिओला रेखाटनाची समज होती, चित्रकार चिगोली त्याचा मित्र होता. अंधाऱ्या भागात सुटे चमकणारे ठिपके त्यानं पाहिले आणि ओळखलं की ही पर्वतांची शिखरं आहेत, ऊन आधी त्यांच्यावर पोहोचलंय. ते ठिपके उजेडाच्या सीमेपासून किती दूर आहेत, यावरून त्यानं शिखरांच्या उंचीचा हिशोबही मांडला. ब्रशनं काढलेली त्याची चंद्राची चित्रं इंटरनेटवर सहज सापडतात.

फोनच्या फोटोवरून काढलं तर?

काढा, पण फ्लॅश बंद ठेवा. समोरून आलेला उजेड छायेची सीमाच पुसतो. शिवाय बरेच फोन आपणहून सावल्या उजळवतात. शक्य असेल तर फोटो काढतानाच जागेवर छोटं टोन-स्केच करून ठेवा, तीन टोनचं, काडेपेटीएवढं.

डिजिटलमध्ये सोपी पद्धत आहे का?

चित्र काढायच्या ॲप्सपैकी क्रिता फुकट आहे, प्रोक्रिएट विकत, पद्धत दोन्हीकडे तीच. सपाट रंग भरा, वर मल्टिप्लाय लेअर (खालचा रंग गडद करणारा थर) घ्या, ती खालच्या लेअरला क्लिप करा, म्हणजे रंग आकाराबाहेर जाणार नाही, आणि छायेचा भाग एका निळसर-जांभळट रंगानं कडक कडेच्या ब्रशनं भरा. मऊ एअरब्रश शेवटी, आणि तोही गोल वळणाऱ्या जागीच. पहिल्यापासून एअरब्रश फिरवला की पहिल्या प्रश्नातला सपाटपणा परत येतो. लेअरवरचा छायेचा भाग, तिचा रंग आणि अपारदर्शकता बदलून तोच प्रसंग सकाळचा, दुपारचा, कंदिलाच्या उजेडातला करून बघा. कागदावर हे प्रत्येक वेळी नव्यानं काढावं लागतं.